मदत हवी आहे: हॉलला राखाडी की गडद हिरवा?

ठाण्यात घोडबंदर रोडला आमचा टू बीएचके आहे. नवरात्रानंतर रंगारी येणार, पण शेड काही ठरत नाही. मला हॉलला राखाडी हवा, नवऱ्याला बॉटल ग्रीन. सासूबाईंना दोन्ही नकोत; राखाडी म्हणजे त्यांच्या मते प्लास्टर करून सोडून दिलेली भिंत.

हॉलची खिडकी उत्तरेला, समोर लगेच दुसरी विंग. पावसाळ्यात भरदुपारी ट्यूब लावावी लागते. बेडरूम पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे. तिथे चारनंतर कडक ऊन. फरशी आयव्हरी, कपाटं सागवानी रंगाची.

दुकानात आवडलेला राखाडी हॉलमध्ये निळसर दिसतोय आणि हिरवा रात्री चक्क काळा. शिवाय रंगारी म्हणतो, गडद शेडला तीन हात मारावे लागतील.

उत्तरेच्या खोलीत निळा न दिसणारा राखाडी असतो का? आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते (वॉटरप्रूफिंग सोसायटी करेल तेव्हा करेल), तिथे गडद रंग चालेल? कृपया पांढरा सुचवू नका, घरात दोन लहान मुलं आहेत.

प्रतिसाद १
उत्तरेचा उजेड मुळातच निळसर. त्यामुळे पिवळट-तपकिरी झाक असलेला राखाडी घ्या, दुकानात 'ग्रेज' म्हणून मागा. शेडचा एलआरव्ही आकडाही विचारा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो ते: 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. तुमच्या हॉलला मी 55च्या खाली जाणार नाही. बॉटल ग्रीन 10च्या आसपास असतो. पण आधी ट्यूब बघा. 6500 केल्विनची (निळसर पांढऱ्या उजेडाची) असेल तर 4000ची (जरा उबदार उजेडाची) लावा, मगच शेड ठरवा. सॅम्पल भिंतीवर नको. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सकाळी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा.

प्रतिसाद २
हिरवा बेडरूमला द्या, पलंगामागच्या कोरड्या भिंतीवर. ओलीच्या भिंतीवर मुळीच नको. क्षार फुलले की गडद रंगावर ते पांढरे डाग दारातूनच दिसतात. प्रायमरमध्ये राखाडी टिंट घातला तर बऱ्याचदा दोन हातांत भागतं. फिनिश सॅटिन (हलकी चमक असलेला) घ्या. गडद मॅटवर (बिनचमकीच्या रंगावर) मुलांचे हात लागले की पुसून आणखी चट्टे पडतात.

धागाकर्ती
बेडरूमला हिरवा म्हटल्यावर नवरा तयार झाला! पुठ्ठ्याचं उद्याच करते. 4000 केल्विनच्या ट्यूब नौपाड्यात मिळतात का, की ऑनलाइनच मागवू?