मैत्रीण पहिल्यांदाच येतेय, एका दिवसात कोल्हापूर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. ऑनलाइन बुद्धिबळ खेळताना ओळख झालेली मुंबईची मैत्रीण या रविवारी येतेय. तीन वर्षं रोज बोलतोय, व्हिडिओ कॉलही झालेत, पण समोरासमोर पहिल्यांदाच भेटणार. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरणार आणि रात्री त्याच गाडीनं परत.

अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, मग चपला घ्यायला चप्पल लाइन, एवढं चालत होईल. संध्याकाळी रंकाळा ठरलेलाच. अडलंय ते दुपारचं. पन्हाळा वीसेक किलोमीटर, पण रविवारची गर्दी बघता जावं की न्यू पॅलेसच बरा? तिला घाईघाईत फिरवायचं नाही. गप्पा मारायलाच तर येतेय बिचारी!

दुसरं म्हणजे ती शाकाहारी. तांबडा-पांढरा बाद. (घरात हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले.) कमी तिखट मिसळ कुठं मिळेल? आमच्या नेहमीच्या ठिकाणी ‘कमी तिखट’ म्हटलं की नुसतं हसतात.

आई म्हणते, आधी बाहेर भेट, मगच घरी आण. मलाही पटतंय, पण पाहुणीला ते कसं वाटेल? कुणी असं भेटलंय का? सांगा की!