एसी: साधी सर्व्हिसिंग की डीप क्लीनिंग?

प्रश्न: वसईला राहतो. दीड टनाचा स्प्लिट, चार वर्षं झाली. दर मार्चला साधी सर्व्हिसिंग करतो. यंदा सुरू केला की कुबट वास येतो, आईला खोकला सुरू होतो. मेकॅनिक डीप क्लीनिंग सुचवतोय. खरंच लागेल का?

उत्तर: फिल्टर काढून टॉर्चने ब्लोअर (हवा फेकणारा आतला पंखा) बघा. पात्यांवर काळा थर असेल तर साध्या सर्व्हिसिंगने निघत नाही. आमच्याकडे ब्लोअर, ड्रेन ट्रे सोडवून धुतले. बादलीभर काळं पाणी! वास गेला.

उत्तर: गॅस भरा म्हणाला तर आधी लीक शोधायला लावा. गॅस आपोआप संपत नाही.

प्रश्नकर्ता: बघितलं, थर आहेच. रविवारी बोलावलंय. आईला तेवढा वेळ मावशीकडे सोडतो.