कंठ नाही, मग हा कोणता पोपट?

गॅलरी_कोथरूड: आमच्या गॅलरीसमोर जुना पर्जन्यवृक्ष आहे. संध्याकाळी पोपटांचा थवा येतो, ते नेहमीचंच. पण आठवडाभर त्यांच्यात दोन थोराड पोपट दिसतायत. चोच लालभडक, जाडजूड. गळ्याला कंठ, म्हणजे ती गोल रेघ, मात्र दोघांनाही नाही. सासूबाई म्हणतात, माद्या आहेत. मग एवढ्या मोठ्या कशा?

वेताळटेकडी: खांदा बघितलात का? पंख मिटून बसले की वरच्या कडेला गडद तपकिरी-लाल डाग दिसतो. तो असेल तर करण पोपट, म्हणजे अलेक्झांड्राइन. कंठावरून ओळखायला जाऊ नका. साधा पोपट आणि करण पोपट, दोन्ही जातींत तो फक्त नराला असतो, आणि नरालाही उमटायला दोन-तीन वर्षं लागतात. मीसुद्धा पहिली दोन वर्षं टेकडीवर दुर्बीण घेऊन गळेच बघत होतो आणि करण पोपटाच्या कितीतरी माद्या 'साधा पोपट' म्हणून वहीत लिहिल्या. खांद्यावरचा डाग मादीलाही असतो, पिल्लांचा जरा फिका.

दुसरी खूण चोचीची. आपल्याकडच्या साध्या पोपटाची खालची चोच काळपट असते, करण पोपटाची दोन्हीकडून लाल. साधा शेपटीसकट ४० सेंटिमीटरच्या आसपास, हा ५५-६०.

शेंगदाणे_सहकारनगर: कोणाच्या पिंजऱ्यातून सुटलेले नसतील ना? पकडून ठेवावेत का?

वेताळटेकडी: अजिबात नको. आपल्याकडचे रानपोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. पिल्लं ढोलीतून काढून विकतात, त्यातच करण पोपट कमी होत चाललाय. जोडी आपणहून तुमच्या झाडावर आलीय, येऊ द्या.

गॅलरी_कोथरूड: आज सकाळी ऊन तिरपं होतं तेव्हा दिसला! दोघांच्याही खांद्यावर डाग. आवाजही वेगळा, बाकीचे किंचाळतात, हे घोगरं, जाड ओरडतात. सासूबाईंनाही दाखवला. एक जण वाळक्या फांदीच्या ढोलीत डोकं घालून बघत होता.

वेताळटेकडी: मग त्या फांदीला कोणाला हात लावू देऊ नका. थंडीत यांचा विणीचा हंगाम सुरू होतो, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली जुन्या झाडातच मिळते. सोसायटीत छाटणीचा विषय निघाला की आधी ही ढोली दाखवा.

गॅलरी_कोथरूड: रविवारी मीटिंग आहे. सांगते.