आसियानला सामायिक परराष्ट्र धोरण आहे का?

तलावपाळीकर (ठाणे):
ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत पूर्व तिमोरला आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य म्हणून प्रवेश मिळाला, तेव्हापासून आमच्या नौपाड्यातील वाचकमंडळात या संघटनेवरून वाद चालू आहे. चीन हा तिचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे. दुसरीकडे अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये व्हिएतनामवर ४६ आणि कंबोडियावर ४९ टक्के आयातशुल्क जाहीर केले (पुढे ते बरेच उतरले), तेव्हा प्रत्येक देश वॉशिंग्टनशी आपापली बोलणी करायला धावला. असे असताना या संघटनेला सामायिक परराष्ट्र धोरण आहे असे म्हणता येईल का, आणि भारताने तिच्याशी व्यवहार ठेवावा तो कोणत्या अपेक्षेने?

सागरसीमा (नेरूळ):
तसे धोरण नाही, आणि ते असावे अशी संस्थापकांचीही इच्छा नव्हती. १९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. तो शमल्यावर लगेच, १९६७ साली, पाच देश बँकॉकमध्ये एकत्र आले ते मुख्यतः एकमेकांच्या कारभारात नाक खुपसायचे नाही या समजुतीने. २००८ मध्ये लागू झालेल्या सनदेतही निर्णय विचारविनिमयाने आणि एकमतानेच घ्यावेत असे म्हटले आहे, म्हणजे एकाचा नकारही पुरेसा ठरतो. २०१२ साली कंबोडिया अध्यक्ष असताना दक्षिण चीन समुद्राच्या उल्लेखावरून परराष्ट्रमंत्र्यांचे संयुक्त निवेदन निघालेच नाही. ४५ वर्षांत असे प्रथमच घडले.

फिलिपिन्सने त्यातून घ्यायचा तो बोध घेतला. या समुद्रावरील चीनच्या दाव्याविरुद्ध तो एकट्याने आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला, जुलै २०१६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, चीनने तो धुडकावला, आणि २०२२ मध्ये फिलिपिन्सने भारताशी ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचा करार केला. पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोहोचली. व्हिएतनामची रीत निराळी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग आणि जून २०२४ मध्ये पुतिन, असे तिघेही हनोईच्या पंगतीला बसून गेले. माझ्या मते भारताने संरक्षणाचे बोलणे मनिला, हनोई आणि जकार्ता यांच्याशी थेट करावे. आसियानच्या बैठकीत त्याची अपेक्षा धरू नये.

दाणाबंदर (वाशी):
मी डाळींच्या व्यापारात आहे, म्हणून म्यानमारचा मुद्दा मांडतो. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर आसियानने एप्रिलमध्ये तिथला हिंसाचार थांबवण्यासाठी पाच कलमी सहमती घडवून आणली, ती कागदावरच राहिली. लष्करप्रमुखांना शिखर परिषदेपासून दूर ठेवण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. मात्र आपणही हात झटकू नयेत. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने म्यानमारकडून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार केला. आमच्या बाजारात ‘लेमन तूर’ म्हणतात ती हीच. पोत्यातून काढलेला मूठभर नमुना तळहातावर पसरून भाव बोलला जातो, तेव्हा म्यानमारच्या राजधानीत, नेपिडोत, कोण सत्तेवर आहे हे कोणीही विचारत नाही, आणि तूरडाळ महागल्यावर ग्राहकही विचारत नाही. आसियानची मिळमिळीत भूमिका आणि आपली व्यवहारी भूमिका यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

कोलबाडचा वाचक (ठाणे):
सागरसीमा, तुमचे सुरक्षेबाबतचे म्हणणे मान्य आहे, परंतु व्यापारात चित्र वेगळे आहे. चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांना ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडसह एकाच व्यापार करारात आणणारा ‘आरसेप’ आसियानभोवतीच उभा राहिला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यावर सह्या झाल्या. भारत वर्षभर आधीच बाहेर पडला होता. स्वस्त मालाचे भय खरे होते, तरी नियम ठरत असताना आपण खोलीबाहेर राहिलो, ही किंमत लहान नाही.

तलावपाळीकर (ठाणे):
सर्वांचे आभार. एक प्रसंग मात्र वरच्या कोणत्याच उत्तरात नीट बसत नाही. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया हे दोन सदस्यच एकमेकांवर तोफा डागू लागले, तेव्हा अध्यक्ष या नात्याने मलेशियाने २८ जुलैला पुत्रजयात युद्धविराम घडवून आणला. बैठकीला अमेरिका आणि चीन या दोघांचे राजदूत उपस्थित होते, शिवाय व्यापारी बोलणी थांबवण्याची ट्रम्प यांची धमकी होतीच. डिसेंबरमध्ये लढाई पुन्हा पेटली. जुलैतील शांततेचे श्रेय यजमानाला द्यावे की धमकीला, याविषयी सागरसीमा यांचे मत वाचायला आवडेल.