कॅम्परव्हॅनने किनाऱ्याकिनाऱ्याने दहा दिवस: मुक्काम कुठे करावा?

पाऊलवाट:
नमस्कार. मी, नवरा आणि माझी आई, असे तिघं भाड्याच्या कॅम्परव्हॅनने दहा दिवस समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने जाणार आहोत. आई ७१ वर्षांची, गुडघे कुरकुरतात, पण समुद्राचं नाव काढलं की चेहरा उजळतो. तिचं एकच मागणं आहे, सकाळी डोळे उघडले की समोर पाणी दिसायला हवं. त्यामुळे वाळूला लागूनच गाडी लावून झोपावं असं डोक्यात आहे. रोजचे २५० किमी धरलेत. मोठी गाडी मी चालवते, पण गाडीत राहायची ही पहिलीच वेळ. आत फार दमट होतं असं ऐकलंय. आईचे सांधे दमटपणात आखडतात, त्याची काळजी वाटते. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

डोंगरकडा:
२५० फार होतात, १०० च्या आसपास ठेवा. किनाऱ्याचा रस्ता नकाशात सरळ दिसतो, पण प्रत्येक खाडीला आत वळसा घालून परत बाहेर यावं लागतं. गाडीची उंची छतावरच्या पंख्यासकट मोजून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवून ठेवा. पुलाखाली शिरताना आठवत बसायला वेळ नसतो.

गलबत:
पाऊलवाट, आईंचं मागणं वाचलं आणि लिहायलाच बसले. आम्ही दोघं अकरा वर्षं व्हॅनने किनारे फिरतोय. आईंना समुद्र नक्की दाखवा, पण वाळूवर झोपू नका.

आमच्या दुसऱ्याच सहलीत वाळूच्या कडेला घट्टशी जागा बघून गाडी लावली होती. रात्री नऊला पाणी शंभर पावलं लांब होतं. साडेतीनला चाकांपाशी चुळुकचुळुक आवाज यायला लागला म्हणून दार उघडून पाय खाली टाकला, तर घोटाभर पाणी. गाडी सुरू केली तशी मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करायला लागली. शेजारच्या दोन गाड्यांमधली माणसं झोपेतून उठून आली आणि दोर लावून आम्हाला ओढून काढलं. तो गार पाण्याचा स्पर्श अजून तळपायाला आठवतो.

चूक आमचीच होती. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले यांची जी ओळ वाळूवर पडलेली असते, तिच्या वर आहोत म्हणजे झालं असं आम्ही समजलो. ती ओळ फक्त मागच्या भरतीची खूण असते. अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा वर चढतं, आणि सगळ्यात मोठं उधाण बऱ्याचदा त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. कालच्या वेळेवर आज भरवसा ठेवता येत नाही. पाणी किती चढतं हेही जागेजागेवर वेगळं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ते १६ मीटरपर्यंत जातं, तर भूमध्य समुद्राकाठी बऱ्याच ठिकाणी अर्धा मीटरही चढत नाही. इंग्लंडमधल्या लिंडिस्फार्न बेटाकडे जाणारा रस्ता तर दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. तेव्हा जिथे मुक्काम, तिथलंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं. वाळूच्या मागे जरा उंचावर, पक्क्या जमिनीवर, मुक्कामाला परवानगी आहे अशी जागा शोधा.

आता दमटपणा. बाहेरच्या हवेपेक्षा त्याला आपणच जास्त कारणीभूत असतो. झोपलेल्या माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभर बरंच पाणी हवेत जातं. त्यात गॅसवर आत स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. हे सगळं जाऊन बसतं गार पत्र्यावर आणि गादीच्या पोटाखाली. आम्ही एकदा चार दिवसांनी गादी उचलली तर खालून काळ्या ठिपक्यांची नक्षी उठलेली. कुबट वास धुऊनही जाईना, शेवटी ती गादी टाकली. तेव्हापासून गादीखाली लाकडी पट्ट्या आहेत, सकाळी गादी उभी करतो आणि छताची खिडकी रात्री दोन बोटं उघडी ठेवतो, थंडीतसुद्धा. आईंना वाटल्यास जास्तीचं पांघरूण द्या, पण खिडकी बंद करू नका.

मीठही लक्षात असू द्या. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की पत्र्यावर बसलेलं मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, म्हणजे गाडी कोरडी दिसत असतानाही गंज चालूच असतो. दोन-तीन दिवसांनी एकदा गोड्या पाण्याने चाकांच्या वरचा भाग आणि गाडीचं पोट धुऊन घ्या. भाड्याची गाडी असली तरी धुवा, तिलाही पुढे बरीच वर्षं चालायचंय.

पाऊलवाट:
वाचता वाचता नवऱ्याने वेळापत्रकातले २५० खोडून १०० केले. गलबत, खूप आभार. मग पाऊस असेल तेव्हा आत स्वयंपाक करायचाच नाही का? आणि उंचावर थांबलो तर आईचं मागणं कसं पुरं करू?

डोंगरकडा:
करा, पण खिडकी उघडून आणि झाकण ठेवून. शेगडी गाडी गरम करायला मात्र कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म गाडीत आहे ना, चालतो ना, हे ताब्यात घेतानाच बटण दाबून बघा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोक असतं. त्यावर पिशवी-चप्पल काही ठेवू नका.

गलबत:
आईंचं मागणं उंचावरूनच जास्त छान पुरं होतं. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. हवा शांत असेल तर दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन लवकर गार होते आणि तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पहाटेही तोच असतो. म्हणून संध्याकाळी गाडी लावतानाच तोंड जमिनीकडे आणि मागची दारं समुद्राकडे करा. जमीन उतरती असेल तर खालच्या चाकांखाली ठोकळे देऊन गाडी समतल करा, म्हणजे आईंना रात्रभर घसरल्यासारखं होणार नाही. त्यांची उशी आतल्या बाजूला आणि पाय दारांकडे ठेवा. उजाडताना दोन्ही दारं सताड उघडा. वारा गाडीच्या नाकावर अडतो, आत ना वाळू येते ना खारट तुषार, आणि आईंना उशीवरून मान न वळवता समोर समुद्र दिसतो. उन्हं चढली की वारा फिरतो. पडद्याची झालर आत उडायला लागली की दारं लावून घ्या.