नौदल हाकेच्या अंतरावर आहे, पण हाक मारायची कोणी?

वास्कोकर:
मंडळी, आपल्या गोव्यात दाबोळीला नौदलाचा हवाई तळ आयएनएस हंसा आहे, इकडेतिकडे लष्करी छावण्याही आहेत. उद्या मुरगावात दंगल उसळली आणि पोलिसांना आवरेना, तर जवानांना रस्त्यावर आणायचा अधिकार कोणाचा? मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, की तळाचा कमांडरच? आणि कमांडर नाही म्हणू शकतो का? व्हॉट्सअ‍ॅपवर 'सगळं लष्कराच्या ताब्यात द्या'वाले फार झालेत, म्हणून कलमासकट सांगा.

जुनीफाईल:
मुख्यमंत्री नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्था ही घटनेच्या राज्य सूचीतली पहिलीच नोंद, पण सेनादलांचा वापर त्यातून वगळलेला आहे. तो केंद्र सूचीत, नोंद २अ, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आलेली. त्यामुळे रीतसर वाट राज्याचे गृहखाते, केंद्रीय गृह मंत्रालय, संरक्षण मंत्रालय अशी.

पण जमाव पेटलेला असताना दिल्लीच्या उत्तराची वाट बघत बसत नाहीत. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४९ आहे. पोलिसांकडून जमाव पांगत नसेल आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी तो पांगवणे भागच असेल, तर जागेवर हजर असलेला जिल्हा दंडाधिकारी (म्हणजे आपला जिल्हाधिकारी), किंवा त्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी, सेनेची मदत घेऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० मध्ये हजर असलेल्यांपैकी सर्वांत वरिष्ठ कार्यकारी दंडाधिकारी पुरत असे. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आल्यापासून मामलेदाराला (तोही कार्यकारी दंडाधिकारीच) जिल्हाधिकाऱ्याने दिलेला अधिकार हवा. तो आदेश आधीच काढून ठेवला नसेल, तर ऐन वेळी मामलेदार जागेवर असून नसल्यासारखा.

नौदलाचे म्हणाल तर व्याख्येत भूदल, नौदल, हवाई दल तिन्ही आहेत, पण 'जमिनीवरील दल म्हणून काम करताना'. जवान चालतील, युद्धनौका नाही.

तिसरीघंटा:
कमांडरच्या 'नाही'बद्दल. दंडाधिकाऱ्याने रीतसर सांगितले की ते पाळणे त्याच्यावर बंधनकारक. पण कसे पाळायचे ते तो ठरवतो, आणि कमीत कमी बळ, कमीत कमी इजा ही अट कायद्यातच घातलेली आहे. 'हिथे चार गोळ्या झाडा' असे दंडाधिकारी जवानाला सांगू शकत नाही. जवान फक्त आपल्या अधिकाऱ्याचे ऐकतो.

प्रत्यक्षात घोळ होतो तो मागणीपत्रात. कलमात 'लेखी' असा शब्द नाही, पण कागद नसेल तर पुढे चौकशीत दोघेही लटकतात. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे निरुपयोगी वाक्य. कोणता भाग, कुठून कुठपर्यंत, काय घडतेय, पोलिसांनी काय करून पाहिले, सोबत कोणता दंडाधिकारी, हे हवे. प्रत्येक तुकडीबरोबर एक दंडाधिकारी आणि रस्ते माहीत असलेला स्थानिक पोलीस लागतो. परिस्थिती लष्कराकडे सोपवली त्याची वेळ घालून सही. मग लोकांना समजेल अशा भाषेत इशारा, वास्कोत तरी कोकणी, मराठी, हिंदी तिन्ही. गोळीबाराची पाळी आलीच तर नेम खाली धरतात, हवेत झाडत नाहीत, कारण वर गेलेली गोळी कुठेतरी बाल्कनीत उभ्या असलेल्याला लागते. नंतर रिकामी काडतुसे गोळा करून मोजतात.

वास्कोकर:
आणि दंडाधिकारीच गायब झाला तर? होतंय की असं.

जुनीफाईल:
कलम १५०. संपर्कच होत नसेल आणि धोका उघड दिसत असेल, तर सेनेचा कमिशन्ड किंवा राजपत्रित अधिकारी स्वतः जमाव पांगवू शकतो. पण संपर्क साधणे शक्य झाले की साधायचा आणि पुढे चालू ठेवायचे की थांबायचे, यात दंडाधिकाऱ्याचे ऐकायचे. ताबा फार तर काही वेळापुरता. या कारवाईवरून कोणावर खटला भरायचा तर कलम १५१ प्रमाणे सैनिकांबाबत केंद्राची आणि दंडाधिकारी-पोलिसांबाबत राज्याची मंजुरी लागते.

मुलकी अधिकाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट. मंत्र्याने फोनवर 'लष्कर बोलाव' किंवा 'बोलावू नको' म्हटले, तरी कलम १४९ चा निर्णय दंडाधिकाऱ्याच्या नावावर पडतो. तोंडी आदेशाची लेखी खात्री मागायची तरतूद सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांतच आहे. मागायला धजत नाहीत, हा भाग वेगळा.

आणि ते 'ताब्यात द्या'वाले. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोव्यावर मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते. जून १९६२ मध्ये कारभार मुलकी नायब राज्यपालांकडे गेला, १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे निवडून आलेले सरकार. ज्या सेनेने गोवा घेतला तिनेच तो सहा महिन्यांत सोडला.

तिसरीघंटा:
पूर-वणव्याची गोष्ट मात्र निराळी, तिथे कलम १४९ लागत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकले. अशा मागणीत 'दोन हेलिकॉप्टर पाठवा' लिहू नये. आग कुठे, किती पसरली, जवळ पाणी कुठून उचलता येईल ते लिहावे. काय पाठवायचे ते त्यांना ठरवू द्यावे.