पहिलीच गाडी, लायसन्स नवीन, शोरूमचा ४६ हजारांचा इन्शुरन्स घेऊ का? (पुणे)

धायरीकर_नवा:
नमस्कार मंडळी, घरातली पहिलीच गाडी घेतोय, ११९७ सीसी पेट्रोल. पक्कं लायसन्स मागच्याच महिन्यात हातात आलं. शोरूमवाल्याने इन्शुरन्सचे ४६ हजार लावलेत आणि म्हणतो बाहेरून घेतला तर कॅशलेस (दुरुस्तीचं बिल कंपनीनेच वर्कशॉपला देणं) मिळणार नाही. मी ऑनलाइन बघितलं तर झीरो डेप (क्लेममधून घसारा न कापणारं कव्हर), इंजिन प्रोटेक्ट सगळं धरून ३३ हजारांत होतंय. बाबा म्हणतात नुसता थर्ड पार्टी घे, बाकीचे पैसे वाया, आपण जपून चालवू. पण मी रोज सिंहगड रोडवरून हिंजवडीला जाणार आणि ट्रॅफिकमध्ये अजून हात बसलेला नाही, भीती वाटते. मी नवीन आहे म्हणून जास्त लावलेत का? आणि धाकट्या भावाचं लर्निंग आहे, त्याने चालवली तर चालेल का?

विमावाला_काका:
नवीन आहेस म्हणून नाही रे. आपल्याकडे प्रीमियम मुख्यतः गाडीवर ठरतो: आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) किती, सीसी किती, गाडी किती जुनी, पासिंग कुठलं. प्रीमियमसाठी शहरांचे झोन असतात, पुणे मुंबईबरोबर झोन ए मध्ये येतं म्हणून साताऱ्यापेक्षा थोडं जास्त पडतं, एवढंच.
थर्ड पार्टीत कोणीच घासाघीस करू शकत नाही, दर सरकारी आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, तुझ्या सीसीला २०२२ मध्ये ठरलेला दर १०,६४० आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दोन्ही कोटमधला फरक आहे तो ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि वर जोडलेल्या झीरो डेपसारख्या अ‍ॅड-ऑनचा, तिथेच शोरूमला पैसे सुटतात. कॅशलेस हे कंपनीचं आणि वर्कशॉपचं टाय-अप असतं, पॉलिसी कोणी विकली त्याच्याशी संबंध नाही. ऑनलाइन कंपनीच्या यादीत तुझं सर्व्हिस सेंटर आहे का ते आधी बघ, आणि दोन्हीकडे आयडीव्ही सारखीच आहे ना तेही बघ, कारण आयडीव्ही खाली ओढून प्रीमियम स्वस्त दाखवतात आणि गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे हातात येतात.
बाबांना एवढंच सांग की थर्ड पार्टी दुसऱ्याचं नुकसान भरतो. तुझ्या गाडीला त्यातून एक रुपया मिळत नाही.

सहकारनगर_रहिवासी:
काकांशी सहमत, पण मी इंजिन प्रोटेक्टवर जोर देईन कारण आमचं झालंय. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, आंबिल ओढ्याचं पाणी सोसायटीत घुसलं, गाडी पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली, सकाळी पाणी उतरल्यावर मी घाईघाईत स्टार्टर मारला आणि तिथेच संपलं सगळं, इंजिनात पाणी ओढलं गेलं. फुल इन्शुरन्स होता तरी विमा कंपनीचा सर्व्हेयर म्हणाला पुराचं नुकसान धरू, सीट-कार्पेट-वायरिंग देऊ, पण इंजिन नंतर चालू केल्यामुळे गेलं ते बसत नाही. दीड लाखाच्या वर खिशातून गेले. तू तर सिंहगड रोडचा, जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत काय झालं ते तू बघितलंच असशील. हे अ‍ॅड-ऑन घेच, आणि घेतलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी परत चालू करू नकोस, टो करून न्यायला सांग.

रश्मी_वारजे:
मी गेल्या वर्षी शिकले म्हणून लिहितेय. पहिल्या दोन महिन्यांत पार्किंगच्या खांबाला बंपर घासला, नंतर रिक्षाने आरसा उडवला. नवशिक्यांचं नुकसान असंच असतं, बंपर, आरसा, लाइट, सगळं प्लास्टिक, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराला ५० टक्के घसारा कापतात. म्हणून निदान पहिली दोन-तीन वर्षं झीरो डेप पाहिजेच. पण प्रत्येक ओरखड्याला क्लेम टाकू नकोस! बंपरचं पेंट बाहेर साडेचार हजारांत झालं, मी क्लेम केलाच नाही. कारण वर्षभर क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट म्हणजे नो क्लेम बोनस, तो पाच वर्षांत ५० पर्यंत जातो, आणि एका क्लेमने परत शून्य. शिवाय हजार रुपये तर प्रत्येक क्लेमला आपलेच जातात. झीरो डेपमध्ये वर्षाला किती क्लेम चालतात तेही विचारून घे, बऱ्याच ठिकाणी दोनच असतात.

विमावाला_काका:
भावाचं राहिलं. लर्निंगवर चालेल, पण शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्सवाला बसलेला पाहिजे आणि पुढे-मागे लाल एल पाहिजे. एकट्याने नेली आणि ठोकली तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. कोणी माणूस जखमी झाला तर कंपनी त्याला भरपाई देऊन तुमच्याकडून वसूल करू शकते, ती रक्कम घर विकायला लावणारी असते. अजिबात देऊ नकोस एकट्याला.
अजून एक, आरसी कोणाच्या नावावर? १५ लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर मालकाला असतो आणि मालकाकडे लायसन्स असेल तरच.

धायरीकर_नवा:
आरसी बाबांच्या नावावर करणार होतो, त्यांच्याकडे लायसन्सच नाही! आता माझ्या नावावर करतो. ताईंचं ५० टक्के प्लास्टिकवालं बाबांना वाचून दाखवलं, ते झीरो डेपला तयार झालेत. सर्व्हिस सेंटर यादीत आहे, आत्ताच बघितलं, फक्त आयडीव्ही ४० हजारांनी कमी दिसतेय, ती शोरूमएवढी करून परत कोट काढतो आणि इथेच टाकतो.